फोन चोरीला जातो तेव्हा: पंधरा आकड्यांपासून सीईआयआरपर्यंत

फोन गेला की माणसाला एकाच दिवशी चार दारं ठोठवावी लागतात: गूगल किंवा ॲपल, सिम कंपनी, बँक आणि पोलीस ठाणं. शिवाय वर सीईआयआर, म्हणजे चोरीचा फोन सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद करणारं सरकारी पोर्टल. एका फोनासाठी एवढं सगळं का, असं वाटणं साहजिक आहे. पण ही रचना कुणी एका बैठकीत ठरवलेली नाही. चोराचा धंदा दर काही वर्षांनी बदलला आणि त्या त्या वेळी नवं कुलूप बसत गेलं. ही कुलपं ज्या क्रमाने आली, त्याच्या जवळजवळ उलट्या क्रमाने आज ती लावायची असतात. हे कळलं की पहिला अर्धा तास वाया जात नाही.

सगळ्यात जुनं कुलूप म्हणजे आयएमईआय. जीएसएम या मोबाइल नेटवर्कच्या तंत्राची आखणी करतानाच ग्राहक आणि हँडसेट वेगळे ठेवले गेले. ग्राहकाची ओळख सिममध्ये, हँडसेटची ओळख या पंधरा आकडी क्रमांकात. त्यातले पहिले 8 आकडे मॉडेल सांगतात, पुढचे 6 त्या नगाचा अनुक्रमांक आणि शेवटचा एक आकडा आधीच्या चौदा आकड्यांवर हिशोब करून काढलेला असतो. त्यामुळे फॉर्म भरताना एखादा आकडा चुकला तर हिशोब जुळत नाही आणि चूक पकडता येते. *#06# डायल केलं की क्रमांक पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात आणि तक्रारीत दोन्ही द्यावे लागतात. एकच दिला तर दुसऱ्या खाचेतलं सिम चालू राहू शकतं.

फोन नेटवर्कला जोडला जाताना हा क्रमांक नेटवर्कला कळतो. कंपनीकडे त्याची नोंदवही असते, तिला ईआयआर म्हणतात. तिच्यात पांढरी, करडी आणि काळी अशा तीन याद्या. काळ्या यादीतल्या फोनला नेटवर्क मिळत नाही. कल्पना सुरेख होती, पण तिच्यात दोन भोकं होती. एक, प्रत्येक कंपनीची वही वेगळी. एका कंपनीने फोन बंद केला तरी चोर दुसरीचं सिम घालून मोकळा. दोन, हा क्रमांक फोनाच्या मेमरीत लिहिलेला असतो आणि तो पुसून दुसरा लिहिणारी सॉफ्टवेअर बाजारात आली. ब्रिटनने 2002 साली खास कायदा करून आयएमईआय बदलणं हाच गुन्हा ठरवला, शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

भारतात पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला, कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना केलेला. पण आपल्याकडे आयएमईआयचा प्रश्न चोरीमुळे नव्हे, तर सुरक्षेमुळे ऐरणीवर आला. 2005 नंतर स्वस्त चिनी हँडसेटचा पूर आला. त्यातल्या लाखोंना आयएमईआयच नव्हता, किंवा पंधराच्या पंधरा शून्यं होती. असा फोन वापरणारा शोधायचा कसा? दूरसंचार विभागाने ऑक्टोबर 2008 मध्ये असे फोन बंद करायला सांगितलं आणि मुदती वाढत वाढत 30 नोव्हेंबर 2009 च्या मध्यरात्री ते खरोखर बंद झाले. त्याआधी ज्यांनी भाबडेपणाने असे फोन घेतले होते, त्यांना 199 रुपयांत अस्सल क्रमांक बसवून द्यायची अधिकृत सोय केली गेली. त्याच्याच आडून गल्लोगल्ली कुणाचाही क्रमांक कुणाच्याही फोनात घालून देणारेही तयार झाले. त्याचे परिणाम पुढे बरीच वर्षं दिसले. 2020 मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे 13 हजारांहून जास्त फोन सापडले. अशा गर्दीत तो क्रमांक घेऊन चोर कसा शोधणार?

चिनी हँडसेटच्या त्याच काळात मेलमधून एक निरोप फिरत असे: अमुक पत्त्यावर आयएमईआय पाठवा, पोलीस चोवीस तासांत फोन शोधून देतील. ती निव्वळ अफवा होती, पण तिने एक गैरसमज पक्का केला आणि तो आजही आहे: पोलिसांना आयएमईआय टाकला की नकाशावर ठिपका दिसतो. तसं नसतं. नेटवर्कच्या नोंदीत दिसतं ते एवढंच की हा हँडसेट कोणत्या सिमसह, कोणत्या टॉवरवर, कधी होता. टॉवरचा टापू शहरात काहीशे मीटर, गावाकडे काही किलोमीटर. उपयोगी पडतो तो सिमचा नंबर, कारण त्याच्यामागे नाव आणि पत्ता असतो.

नकाशावरचा ठिपका आला तो फोनातूनच. ॲपलने जून 2009 मध्ये फाइंड माय आयफोन ही सोय आणली, तीही वर्षाला 99 डॉलरच्या सेवेचा भाग म्हणून. नोव्हेंबर 2010 पासून ती फुकट झाली. गूगलची सोय ऑगस्ट 2013 मध्ये आली आणि आज तिचं नाव फाइंड हब आहे. ठिपका दिसू लागला, पण चोरी थांबली नाही. फोन रीसेट केला की तो कोरा होई आणि कोरा फोन सहज विकला जाई. आयएमईआयची काळी यादी देशाची वेस ओलांडली की बहुधा संपते, त्यामुळे माल परदेशी जाऊ लागला. भारतातून चोरीला गेलेले फोन नेपाळ आणि बांगलादेशात पोचल्याचं पोलीस तपासात वारंवार दिसलं आहे.

खरा फरक पडला तो 2013 मध्ये. न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एरिक श्नायडरमन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी फोन कंपन्यांवर दबाव आणला की चोरलेला फोन कायमचा निकामी करता आला पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयओएस 7 सोबत ॲक्टिव्हेशन लॉक आलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने 1 जुलै 2015 नंतर बनलेल्या आणि तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनांत अशी सोय सक्तीची केली. अँड्रॉइडमध्ये ती 5.1 आवृत्तीपासून आली. रीसेट केल्यावरही फोन जुन्या मालकाचं गूगल खातं मागतो, ते हेच. या एका बदलाने रीसेट केलेल्या फोनाची किंमत जेवढी पाडली, तेवढी काळ्या यादीने कधी पाडली नव्हती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग चोराने तीन वाटा शोधल्या. पहिली सुट्या भागांची: पडदा, बॅटरी, कॅमेरा. आयओएस 18 पासून ॲपलने हे लॉक भागांपर्यंतही नेलं. दुसरी फसवणुकीची, आणि ती फार चालते. फोन गेल्यावर काही दिवसांनी मालकाने कळवलेल्या दुसऱ्या नंबरवर निरोप येतो, ‘तुमचा आयफोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी लिंक उघडा.’ लिंकवर हुबेहूब ॲपलसारखं पान असतं आणि ते खात्याचा पासवर्ड मागतं. तो दिला की लॉक उघडलं. काही वेळा निरोपाऐवजी फोनच येतो आणि गोड बोलून ‘फोन खात्यातून काढून टाका’ असं सांगितलं जातं. खात्यातून फोन कधीही काढायचा नाही. त्या क्षणी ॲक्टिव्हेशन लॉक सुटतं.

तिसरी वाट सगळ्यात महाग पडणारी: फोनापेक्षा फोनातले पैसे. 2016 नंतर यूपीआय आलं आणि हातातला फोन हाच बटवा झाला. मुंबईत लोकलच्या दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर रुळाशेजारून काठीचा फटका मारून फोन पाडणारी टोळी जुनीच. पण पूर्वी तिला फोन विकायचा असे, आता पडलेला फोन उघडा असेल तर तो आणखी मोलाचा. फोन लॉक असला तरी सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं की सगळे ओटीपी तिकडे जातात. यावरचा उपाय जुना आहे आणि दुर्लक्षित आहे: सिम पिन, म्हणजे सिम दुसऱ्या फोनात घातलं की विचारला जाणारा क्रमांक. सेटिंगमध्ये तो चालू करायचा, कंपनीचा सुरुवातीचा पिन विचारून घ्यायचा आणि मग बदलायचा. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कंपनीकडचा क्रमांक लागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद. म्हणून अंदाजाने आकडे टाकत बसू नये.

फोन कंपन्यांनीही पैशाच्या चोरीला उत्तर दिलं. आयफोनात जानेवारी 2024 पासून ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आहे. घर किंवा कचेरीसारख्या नेहमीच्या जागेपासून दूर असताना खात्याचा पासवर्ड बदलायचा तर चेहरा किंवा बोट लागतं, शिवाय एक तास थांबावं लागतं. चोराने पासकोड डोकावून पाहिला असला तरी तो अडतो. अँड्रॉइड 10 आणि त्यापुढच्या फोनांना 2024 च्या अखेरीपासून हिसकावल्याचा झटका ओळखून पडदा लॉक करणारी सोय मिळू लागली, आणि नुसता फोन नंबर टाकून दुसऱ्या कुणाच्याही फोनावरून आपला फोन लॉक करायची सोयही. ही दुसरी आधी चालू करून ठेवावी लागते. पासवर्ड आठवत नसतो अशा घाईच्या वेळी तीच उपयोगी पडते.

फाइंड हबमध्ये एक बारीक सेटिंग आहे ज्याकडे कुणी पाहत नाही. इंटरनेट नसलेला फोन आसपासच्या अँड्रॉइड फोनांच्या मदतीने शोधता येतो, पण मूळ सेटिंग फक्त गर्दीच्या ठिकाणांपुरतं असतं. तिथे ‘सगळ्या भागांत’ हा पर्याय निवडला नाही तर एसटीत राहिलेला फोन आडगावच्या डेपोत सापडण्याची शक्यता कमी. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू हवं. आयफोनात लॉक पडद्यावरून कंट्रोल सेंटर उघडणं बंद करून ठेवावं, नाहीतर चोर पहिल्या दोन सेकंदांत एअरप्लेन मोड लावतो.

आता पुन्हा त्या वेगवेगळ्या वह्यांकडे. सगळ्या कंपन्यांच्या काळ्या याद्या एकत्र जोडायचं काम भारतात महाराष्ट्रातून सुरू झालं. 2017 मध्ये बीएसएनएलने पुण्यात प्राथमिक प्रयोग हाती घेतला, पुढे काम सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेकडे गेलं, आणि 13 सप्टेंबर 2019 रोजी तत्कालीन दूरसंचार मंत्री रविशंकर प्रसाद यांच्या हस्ते मुंबईत सीईआयआरची सुरुवात झाली. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली होतं. दिल्ली त्याच वर्षी डिसेंबरअखेर जोडली गेली. 2017 च्याच ऑगस्टमध्ये आयएमईआयशी छेडछाड रोखणारे नियम आले होते. आता दूरसंचार कायदा 2023 नुसार अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1 जानेवारी 2023 पासून विक्रीआधी प्रत्येक फोनाचा आयएमईआय सरकारी पोर्टलवर नोंदवणं कंपन्यांना बंधनकारक झालं आणि मे 2023 मध्ये दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलसोबत सीईआयआर देशभर लागू झालं. संचार साथीचं ॲप जानेवारी 2025 मध्ये आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर ते प्रत्येक नव्या फोनात आधीच घालून देण्याचा आदेश निघाला आणि खासगीपणावरून टीका झाल्यावर काही दिवसांत मागेही घेतला गेला. तो मागे घेतला हे बरंच झालं. असं साधन लोकांनी विश्वासाने आपणहून घ्यावं, तरच ते टिकतं.

या सगळ्यातून आजचा क्रम निघतो. पहिली काही मिनिटं फाइंड हब किंवा फाइंड मायची. फोन ‘हरवला’ म्हणून लॉक करा आणि ठिकाण दिसत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. सिम आधी बंद केलं तर फोनाचं इंटरनेट जातं आणि लॉकचा आदेश पोचत नाही, म्हणून हे आधी. पण यात दहा मिनिटांहून जास्त घालवू नका. फोन बंद असेल तरी लॉकचा आदेश देऊन ठेवा, तो ऑनलाइन आल्यावर लागू होईल. मग लगेच सिम बंद करा आणि बँकेला कळवून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ फोन. सगळा मजकूर पुसण्याची घाई करू नका: अँड्रॉइड फोन पुसला की त्याचं ठिकाण दिसणं बंद होतं. ठिपका ज्या घरावर दिसतो तिथे एकट्याने जाऊ नका. ठिपक्याभोवतीच्या वर्तुळात दहा घरं असू शकतात.

नंतर पोलीस. रेल्वेत फोन गेला तर लोहमार्ग पोलीस, पण हद्दीच्या नावाखाली कुणी परत पाठवलं तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न पाहता गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तो आहे. हिसकावून नेलेला फोन ‘हरवला’ म्हणून नोंदवू नका. हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि तपासाचा जोर नोंदीवर ठरतो.

सीईआयआर सगळ्यात शेवटी, कारण त्याला तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि दोन्ही आयएमईआय लागतात, शिवाय त्याच नंबरचं नवं सिम लागतं, कारण ओटीपी त्यावर येतो. इथेच बहुतेकांचं अडतं. सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवले जातात. तो नियम सिम पळवून पैसे लुटणाऱ्यांविरुद्ध आहे, पण ओटीपी एक दिवस उशिरा येतो. फॉर्म बिघडला असं समजून पुनःपुन्हा अर्ज करू नका. आयएमईआय खोक्यावर, बिलावर, ऑनलाइन खरेदीच्या पावतीवर किंवा गूगल अथवा ॲपलच्या खात्यात मिळतो. अर्ज झाला की विनंती क्रमांक मिळतो आणि 24 तासांत फोन सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद होतो. त्यात कुणी सिम घातलं की त्याची माहिती पोलिसांकडे जाते. बंद केल्याने माग काढणं थांबत नाही.

जुना फोन विकत घेणाऱ्यानेही हीच वही पाहावी: इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग एक मोकळी जागा आणि पंधरा आकडे, 14422 वर एसएमएस. उत्तरात काळ्या यादीचा, नक्कल असल्याचा किंवा आधीच वापरात असल्याचा उल्लेख आला तर फोन घेऊ नका.

फोन सापडला की गुन्ह्याच्या प्रकरणात तो बहुधा न्यायालयाच्या आदेशाने, सुपूर्दनाम्यावर (गरज पडल्यास हजर करीन अशा लेखी हमीवर) मिळतो. घरी आणून सिम घातल्यावर नेटवर्क आलं नाही तर फोन बिघडलेला नसतो. काळ्या यादीतून तो काढायचा राहिलेला असतो. त्याच विनंती क्रमांकाने पोर्टलवर ‘सापडलेला फोन सुरू करा’ असा अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी तो क्रमांक पहिल्या दिवसापासून जपून ठेवलेला हवा.