काचेच्या शॉवरभोवती सिलिकॉन की ॲक्रिलिक?

घोडबंदर रोडवरच्या नव्या फ्लॅटमध्ये बाथरूमला काचेचं पार्टिशन आता सर्रास दिसतं. काच झकास बसलेली असते, पण कडेला सांधे बुजवायच्या सीलंटचे ओघळ, बोटांचे ठसे आणि टाइलवर फासलेला पांढरा थर. ते नीट करायला नवी ट्यूब आणण्याआधी सांध्यात आधी काय भरलंय ते ओळखा. सिलिकॉन आणि ॲक्रिलिक सीलंटच्या ट्यूब दिसायला सारख्या, ती दाबायची गनही तीच. स्वभाव मात्र अगदी उलटे.

ॲक्रिलिकमध्ये पाणी असतं आणि ते उडून गेलं की सीलंट घट्ट होतं. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन पक्कं होतं. ठाण्याच्या पावसाळ्यात, टॉवेलसुद्धा वाळत नाही तेव्हा, ॲक्रिलिक कितीतरी दिवस मऊ राहतं. सिलिकॉनला तीच दमट हवा मानवते. टाइल आणि काच मात्र पूर्ण कोरडी हवी, नाहीतर ते पकड घेत नाही. पक्कं झालेलं ॲक्रिलिक रोजच्या पाण्याखाली पुन्हा मऊ पडतं, काचेच्या हालचालीने चिरतं. खिडकीच्या चौकटीभोवती, जिथे वरून रंग मारायचा आहे, तिथे ते उत्तम. शॉवरला सिलिकॉनच हवं.

ओळखायला नखाने दाबून बघा: सिलिकॉन रबरासारखं परत उसळतं. स्पिरिटच्या फडक्याने घासल्यावर फडक्याला पांढरं लागलं, तर ते ॲक्रिलिक.

डागडुजीत हा फरक सगळ्यात जास्त नडतो. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन भरवशाने चिकटत नाही, त्यामुळे वरून आणखी एक पट्टा ओढून घाण झाकायचा सल्ला कुणी दिला तर तो साफ नाकारा. ब्लेडने दोन्ही कडा कापा, पट्टा ओढून काढा, उरलेली पापुद्री खरवडा, स्पिरिटने पुसा आणि सांधा वाळू द्या. मग दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून गन एका दमात ओढा, बोट एकदाच फिरवा आणि सिलिकॉनवर साय धरायच्या आत टेप काढा. टेप उशिरा काढली की कड फाटते. ओबडधोबड कामांचं एक कारण हेही असतं.

बाथरूमला मार्बलचा उंबरठा असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल मार्बल खातं. दुकानात ‘न्यूट्रल’ सांगून मागा.

आणि काच ज्यात बसते त्या खालच्या चॅनेलला (पट्टीला) सहसा बाहेरूनच सील करायचं. आतूनही बंद केलं तर चॅनेलमध्ये शिरलेलं पाणी शॉवरकडे परत जाऊ शकत नाही. तिथेच साचतं, काळं पडतं आणि शेवटी बाहेरच्या लादीवर झिरपतं. तुमच्या पार्टिशनचं माहितीपत्रक वेगळं सांगत असेल तर त्याप्रमाणे करा. भरल्यावर निदान 24 तास शॉवर बंद ठेवा.