उजेड इलेक्ट्रोडचा नव्हेच

थायरॉइडच्या संप्रेरकांची किंवा ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाल्यावर रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी आज अनेक प्रयोगशाळांत उजेड मोजून होते. द्रावणातल्या इलेक्ट्रोडला व्होल्टेज दिले की त्याच्यालगत नारिंगी प्रकाश उमटतो. याला विद्युत-रासायनिक प्रदीप्ती म्हणतात. इलेक्ट्रोडच उजळला असे वाटते, पण त्याचे काम इलेक्ट्रॉन घेण्यादेण्यापुरतेच.

1929 मध्ये न्यूटन हार्वे यांनी ल्युमिनॉल या चमकणाऱ्या रसायनाच्या अल्कधर्मी द्रावणातून वीज सोडली आणि ते चमकले. मात्र ल्युमिनॉलचा रेणू उजळता उजळता बदलून जातो. त्यामुळे त्यातून मूळ यंत्रणा हाती लागणे अवघडच होते. ती लागली 1964-65 मध्ये. हर्क्युलिस, विस्को व चँड्रॉस आणि संतनम व बार्ड यांनी थोड्याथोड्या अंतराने अँथ्रासीन या कार्बनी वलयांच्या संयुगाच्या जातकुळीतले रेणू तपासले. इलेक्ट्रोड या क्षणी रेणूचा इलेक्ट्रॉन काढून घेतो, पुढच्या क्षणी दुसऱ्या रेणूला देतो. हे विरुद्ध भारांचे आयन द्रावणात भेटतात, इलेक्ट्रॉन उडी मारतो, एक रेणू उत्तेजित होतो आणि मूळ अवस्थेला येताना प्रकाश टाकतो.

पण इलेक्ट्रॉन थेट सर्वांत खालच्या पातळीवर का उतरत नाही? 1965 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्कस यांनी दिलेले उत्तर आजही चक्रावून टाकते: ऊर्जेचा उतार फारच तीव्र असेल तर अभिक्रिया मंदावते. म्हणून उत्तेजित अवस्थेची कमी उताराची वाट आधी गाठली जाते.

1972 मध्ये टोकेल आणि बार्ड यांनी रुथेनियम या धातूचे संयुग आणले, पण पाण्यात नव्हे, ॲसिटोनायट्राइल या सेंद्रिय द्रावकात. त्याच्या ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) व क्षपण (इलेक्ट्रॉन मिळणे) यांत सुमारे 2.6 व्होल्टचे अंतर असते आणि तेवढ्यात पाण्याचेच विघटन होते. यातून सुटका केली ऑक्झॅलेटने. ऑक्सिडीकरण झाले की त्याचा तुकडा पडतो आणि तो तुकडाच जबरदस्त क्षपणकारक निघतो! रुथेनियमला हवा तो इलेक्ट्रॉन तोच देतो, त्यामुळे व्होल्टेज एकाच दिशेने दिले तरी भागते. 1981 मध्ये हे पाण्यातही जमले. 1990 मध्ये लेलँड व पॉवेल यांनी ऑक्झॅलेटच्या जागी ट्रायप्रोपिलअमाइन हे अमाइन वापरले आणि चाचण्यांचा मार्ग मोकळा झाला.

या चाचण्यांत रुथेनियम चुंबकीय मण्यांना चिकटलेले असते. मणी काही मायक्रोमीटरचा, तर इलेक्ट्रॉन जेमतेम एक-दोन नॅनोमीटर उडी मारू शकतो, म्हणजे बहुतेक रुथेनियम इलेक्ट्रोडपासून दूरच राहते. तरी ते उजळते. 2002 मध्ये मियाव, चोई आणि बार्ड यांनी याचे कारण दाखवले: इलेक्ट्रोड फक्त अमाइनचा इलेक्ट्रॉन काढतो, आणि त्यातून तयार झालेले दोन मुक्तमूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेले क्रियाशील रेणू) द्रावणातून प्रवास करत रुथेनियमपाशी पोहोचतात. एक त्याचे क्षपण करतो, दुसरा ऑक्सिडीकरण.