यकृत वाढलं, मग थकवा का जात नाही?

शस्त्रक्रियेला तीन महिने झाले तेव्हा अण्णांचा सीटी स्कॅन झाला. अण्णा म्हणजे माझे सासरे, देवगडजवळच्या वाडीत सत्तर पावसाळे काढलेला माणूस. कर्करोगाची गाठ होती म्हणून त्यांच्या यकृताचा उजवीकडचा मोठा भाग काढून टाकावा लागला होता. स्कॅन पाहून डॉक्टर खूश झाले. "काका, यकृत छान भरून आलंय," म्हणाले. अण्णांनी मान हलवली. बाहेर येऊन टॅक्सीत बसल्यावर मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, "रिपोर्ट चांगलो आसा, मगे अंगात जीव कित्याक नाय?"

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तरी त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही, आणि ते मला फार लागलं. कारण घरी तोवर तीन मतं झाली होती. एकाचं म्हणणं, टाके सुकले, आता उठून बागेत जायला काय हरकत आहे? दुसऱ्याचं म्हणणं, मोठं ऑपरेशन झालंय, वर्षभर हलायचंच नाही. आणि शेजारपाजारचे हळू आवाजात म्हणायचे, परत आलं असेल. पुढे वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले, तेव्हा कळलं की चांगला रिपोर्ट खरा आहे आणि अण्णांचा थकवाही तितकाच खरा आहे.

यकृत सव्वा ते दीड किलोचं, उजव्या बरगड्यांच्या आड बसलेलं. क्लोद क्विनो या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ मध्ये दाखवून दिलं की बाहेरून एकसंध दिसणारं यकृत आतून आठ भागांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक भागाला स्वतःची रक्तवाहिनी आणि पित्तनलिका असते. म्हणून तर एक भाग काढून बाकीचे जिवंत ठेवता येतात. निरोगी यकृताचा चौथा हिस्सा उरला तरी माणूस तगू शकतो. सिरॉसिस असेल, म्हणजे यकृत आधीच व्रणांनी कडक झालेलं असेल, तर साधारण ४० टक्के तरी मागे ठेवावं लागतं. यकृताचा कर्करोग बहुतेक वेळा अशाच आजारी यकृतात उद्भवतो, हे पुढच्या सगळ्या गोष्टी वाचताना लक्षात असू द्या.

हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी १९३१ मध्ये उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून पाहिला होता. आठवडा-दहा दिवसांत यकृत जवळपास मूळ वजनाला आलं. माणसात याला काही आठवडे ते काही महिने लागतात. पण वाढतं म्हणजे काय होतं? हापूसचं झाड छाटलं की छाटल्या जागेजवळ नवी फूट येते. यकृताचं तसं नाही. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही, उरलेला भागच फुगतो, त्याच्या पेशी मोठ्या होतात आणि दुपटीने वाढतात. अण्णांचं यकृत आज स्कॅनवर पाहिलं तर त्याचा आकार पूर्वीसारखा नाही, पण आकारमान पुरेसं आहे.

आणि ही वाढ सुरू कशी होते, तिथेच अण्णांच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा सापडतो. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं, त्यातलं तीन चतुर्थांश आतड्यांकडून येतं. अर्धं यकृत गेलं तरी आतड्यांकडून येणारं रक्त काही अर्धं होत नाही. ते सगळं उरलेल्या भागातून जोरात वाहू लागतं. मग यकृतातल्या संरक्षक पेशी काही रासायनिक निरोपे सोडतात. त्यातला एक महत्त्वाचा म्हणजे इंटरल्यूकिन-६. एरवी महिनोन्‌महिने स्वस्थ असलेल्या यकृतपेशींना तो सांगतो, तयार व्हा, विभागायचं आहे.

हाच निरोप्या मेंदूकडेही जातो. फ्लूचा ताप आला की अंग जड होतं, भूक जाते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, नुसतं भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटतं. त्या अवस्थेमागे इंटरल्यूकिन-६ आणि त्याची भावंडंच असतात. शरीर दुरुस्तीला बसलेलं असताना माणसाने इकडेतिकडे शक्ती उधळू नये, अशी ती योजना. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत यकृताला "वाढ" आणि माणसाला "पड" हे दोन्ही हुकूम एकाच ठिकाणाहून सुटत असतात. मी हे अण्णांना समजावलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी आळशी नाय." त्या एका वाक्यासाठी तरी हे सगळं वाचायला हवं होतं.

पुढच्या महिन्यांतल्या थकव्याला मात्र एकच कारण नसतं. काहींच्या शरीरात दाह मंद आचेवर चालूच राहतो, सिरॉसिस असेल तर जास्तच. रक्त कमी झालेलं असतं. दुखण्यामुळे झोप तुटते. प्रत्येक तपासणीआधीची धास्ती असते, आणि ती खोटी नाही, कारण हा रोग शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांत पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून तर दर तीन-सहा महिन्यांनी तपासणी. कर्करोगानंतरच्या थकव्याची खूण अशी की तो झोपेने जात नाही. दिवसभर भात लावून आलेला माणूस रात्री गाढ झोपतो आणि सकाळी ताजा उठतो. अण्णा नऊ तास झोपून उठायचे आणि तोंड धुऊन पडवीतल्या बाकावर टेकायचे, जणू डोंगर चढून आले. असा थकवा असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगावं आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातलं सोडियम, अल्ब्युमिन तपासायला सांगावं. यातलं काही कमी असेल तर त्यावर उपाय असतात. मन खचलं असेल तर त्यावरही असतात. आपल्याकडे हे शेवटचं कुणी विचारतच नाही.

आता दुखण्याचं. अण्णांचा उजवा खांदा दुखायचा. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा दुखतो, म्हणून घरात घबराट. कुणी निर्गुडीचं तेल चोळलं, कुणाला वाटलं हृदयाचंच काही असेल. खरं म्हणजे यकृताच्या आतल्या गाभ्याला वेदना कळतच नाही. कळते ती त्याच्यावरच्या पातळ आवरणाला आणि वरच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला. श्वासपटलाची नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांपासून निघते, आणि खांद्यावरच्या त्वचेच्या नसाही त्याच ठिकाणी पोचतात. मेंदूला दोन्हींकडची हाक एकाच दारातून ऐकू येते, आणि तो समजतो खांद्यानेच हाक मारली. खांदा कितीही चोळला तरी उपयोग नाही, तो निर्दोष असतो. मात्र छातीत दाब, घाम, धाप असं काही सोबत असेल तर अंदाज बांधत न बसता दवाखाना गाठायचा.

दुसरं दुखणं व्रणाचं. उजव्या बरगड्यांखालून हॉकी स्टिकसारखी वळलेली ही चीर पोटाचे स्नायू आणि त्यांतून जाणाऱ्या बारीक नसा कापत जाते. व्रणाखालची त्वचा अण्णांना बधिर लागायची, आणि त्याच पट्ट्यात सदऱ्याची कड घासली की चटका बसल्यासारखं व्हायचं. बधिर आणि जळजळतं एकाच वेळी कसं, हे आम्हाला पटेना. कापलेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आणि वाढताना तिची टोकं कारण नसताना संदेश सोडत राहतात. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूही सतत ऐकून ऐकून हळवा होतो, साध्या स्पर्शालाही वेदना समजतो. तीन महिन्यांनंतरही असं दुखत राहिलं तर तो दीर्घकालीन वेदनेचा प्रकार धरतात आणि नेहमीच्या वेदनाशामकांऐवजी नसांवर काम करणारी औषधं देतात. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन ही त्यातली. अण्णांना कमी मात्रेत एक गोळी सुरू झाली आणि मऊ सुती बनियन आतून घालायला सांगितलं. महिन्याभरात सदरा सहन व्हायला लागला.

इथे एक गोष्ट मी अगदी कळवळून सांगते. नाक्यावरच्या मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या सिरॉसिस असलेल्यांच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात, पोटात रक्तस्राव घडवू शकतात. पॅरासिटामॉल यकृताला वाईट असं सगळे समजतात, पण योग्य मात्रेत तेच जास्त सुरक्षित असतं. यकृताच्या रुग्णात ती मर्यादा सहसा दिवसाला २ ग्रॅमची धरतात, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, आणि तीही आपल्या डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचं राहून जातं. झोपेच्या गोळ्या परस्पर नकोत. अफूच्या वर्गातल्या वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं, आणि कडक झालेल्या यकृताला ते भोवतं, आतड्यात साठलेला अमोनिया मेंदूपर्यंत जाऊन माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो.

काढ्यांचंही तसंच. आमच्या गडग्यावर गुळवेल चढलेली आहे, आणि यकृतासाठी चांगली म्हणून ती उकळून आणून देणारी माणसं प्रेमाचीच होती. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा. ज्याचं अर्धं यकृत नुकतंच काढलंय त्याच्यावर आपण प्रयोग करायचा नाही, एवढं मी ठरवलं आणि काढे गोडीत परत केले.

खाण्यावरून मात्र घरात खरंच भांडण झालं. यकृताचं दुखणं म्हणजे कावीळ, आणि काविळीचं पथ्य म्हणजे मासे बंद, तेल बंद, नुसती पेज, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. अण्णा दीड महिना पेज-मीठ खाऊन राहिले आणि दंड काडीसारखे झाले. आहारतज्ज्ञ बाईंनी वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगितली. साठ किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, शंभर ग्रॅम बांगड्यात अठरा-वीस, यावरून हिशेब करा. कुळथाची पिठी, दही, तारली, सगळं परत ताटात आलं. खारवलेला मासा, पापड, लोणचं तेवढं बाहेर राहिलं, कारण पोटात पाणी व्हायची भीती असेल तिथे मीठ कमीच हवं. आणि कालवं, तिसऱ्या ही शिंपल्यांतली मासळी नीट शिजल्याशिवाय नाही. पायाला जखम असताना खाडीत उतरणंही बंद. खाऱ्या पाण्यातला एक जिवाणू यकृत दुबळं असलेल्यांना झपाट्याने धरतो.

पेज मात्र मी सोडली नाही, फक्त तिची वेळ बदलली. निरोगी यकृत सुमारे १०० ग्रॅम साखर साठवून ठेवतं आणि रात्रभर ती थोडी थोडी रक्तात सोडतं. कडक झालेल्या यकृतात ही साठवण तोकडी पडते. सिरॉसिसच्या रुग्णाला एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो. पहाटेपर्यंत शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर करायला लागतं. म्हणून झोपायच्या आधी काहीतरी पिठूळ खायचं, त्यातून निदान ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढं. आमच्याकडे आठला जेवण आणि दहाला मोठा वाडगाभर घट्ट पेज, सोबत उकडलेलं अंडं किंवा दूध. मधुमेह असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांशी बोलूनच करावं.

स्नायू जपायचे ते नुसते ताकदीसाठी नव्हेत. अमोनिया निकामी करायचं यकृताचं काम काही प्रमाणात स्नायूही करतात. शिवाय कर्करोगानंतरच्या थकव्यावर ज्या उपायांना सगळ्यांत भक्कम पुरावा आहे, त्यांत चालणं-फिरणं आहे. थकलेल्या माणसाला चालायला सांगणं क्रूर वाटतं, मलाही वाटलं. फिजिओथेरपिस्टने खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या, फेऱ्या ठरवून दिल्या. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. दर आठवड्याला दोन वाढवायच्या. पावसाळ्यात खळ्यात शेवाळ, म्हणून पडवीत. पहिले दोन महिने भरलेली कळशी उचलायची नाही, कारण आतले टाके कच्चे असतात आणि हर्निया होतो. खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची.

घोटाळा व्हायचा तो चांगल्या दिवशी. एकदा जरा बरं वाटलं म्हणून अण्णा थेट वरच्या कलमांपर्यंत चढून गेले, मोहोर पाहून आले, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. मग नवा नियम केला. बरं वाटेल त्या दिवशीही ठरलेल्याच फेऱ्या, आणि वाईट दिवशी निम्म्या का होईना, पण घालायच्या. अण्णा देवघराच्या दारामागे खडूने रेघ ओढतात, फेरीला एक. मे महिन्याच्या रेघा तोकड्या आहेत. दमट उकाड्यात त्वचा थंड ठेवायला हृदयाला जास्त रक्त पंपावं लागतं, त्यामुळे तेव्हा फेऱ्या उजाडायच्या आधी व्हायच्या.

डोळे पिवळे, ताप, पोट फुगणं, काळी शौच, दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, किंवा दिवसागणिक वाढत जाणारं नवं दुखणं, यातलं काही दिसलं तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

शस्त्रक्रियेला आता चौदा महिने झाले. खांदा शांत आहे. थकवा गेलेला नाही, दुपारी तासभर तो येतोच, पण आता अण्णा त्याला घाबरत नाहीत, बाकावर आडवे होतात आणि चहाला उठतात. परवा पुन्हा तपासणी. कणकवलीहून संध्याकाळची तुतारी एक्स्प्रेस, सकाळी दादर. पिशवीत जुने स्कॅन, गोळ्यांचा डबा, सुती बनियन आणि रात्री दहाला गाडीत खायला मऊ भाताचा डबा. अंडी मी सकाळीच उकडून ठेवणार आहे.