पाटीपासून रीलपर्यंत : वकिलांच्या जाहिरातबंदीची पार्श्वभूमी

१७ मार्च २०२५ रोजी वकिलांच्या शिखर परिषदेने, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, एक पत्रक काढलं. सोशल मीडियावरचे प्रचारकी व्हिडिओ, सिनेकलाकार आणि इन्फ्लुएन्सर यांच्यामार्फत वकिलीची जाहिरात करणाऱ्यांना त्यात समज दिली होती. धार्मिक-सांस्कृतिक कार्यक्रमांतले बॅनरही त्यातून सुटले नाहीत. त्याआधी काही दिवस एका नामांकित लॉ फर्मचा हिंदी सिनेमातल्या अभिनेत्याला घेऊन केलेला व्हिडिओ गाजत होता. पत्रक नवं असलं तरी ज्या नियमावर ते उभं आहे तो १९७५ सालचा आहे.

वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये हा संकेत इंग्रज बॅरिस्टरांकडून आला. तिकडे त्याची पकड केव्हाच सुटली : अमेरिकेत १९७७ च्या निकालाने, इंग्लंडात सॉलिसिटरांपुरती (म्हणजे पक्षकारांशी थेट व्यवहार करणाऱ्या वकिलांपुरती) १९८४ पासून. आपल्याकडे मात्र त्याच सुमारास तो जास्त घट्ट झाला, आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. इथल्या फौजदारी कोर्टांच्या दारात काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर अक्षरशः तुटून पडत, कागदपत्रं हिसकावत, एकमेकांपेक्षा कमी फी सांगत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हा व्यापार नव्हे, असं १९७५-७६ च्या निकालांत बजावलं गेलं.

नियमाची भाषाही त्याच काळातली आहे. परिपत्रक नको, जाहिरात नको, दलाल नको. आपण चालवत असलेल्या खटल्याच्या संदर्भात वर्तमानपत्रात फोटो छापून आणायचा नाही. पाटी बेताच्या आकाराची हवी, आणि तिच्यावर आपण अमुक संघटनेचे अध्यक्ष आहोत, पूर्वी न्यायाधीश होतो किंवा अमुक प्रकारच्या कामात आपला विशेष हातखंडा आहे असं काहीही लिहायचं नाही.

१९९५ मध्ये टेलिफोनच्या यलो पेजेसच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं. मग वकिलांनाच बंदी का, हा प्रश्न उभा राहणारच होता. वेबसाइटच्या निमित्ताने २००० मध्ये तशी याचिका दाखल झाली आणि २००८ मध्ये शिखर परिषदेने नियमात दुरुस्ती केली. आजचा सगळा गोंधळ या दुरुस्तीत आहे.

दुरुस्तीनुसार वकिलाला वेबसाइट ठेवता येते, पण तिच्यावर काय असावं हे ठरलेलं : नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक आणि तारीख, सनद कोणत्या राज्याच्या परिषदेची, शिक्षण, आणि कामाची क्षेत्रं. मजकूर शिखर परिषदेला कळवायचा आणि तिची मान्यता घ्यायची. थोडक्यात, वेबसाइट म्हणजे व्हिजिटिंग कार्डाची मोठी आवृत्ती. त्यातली विसंगती पहिल्या दिवसापासून दिसत होती. ऑफिसबाहेरच्या पाटीवर ‘फौजदारी प्रकरणांतले तज्ज्ञ’ असं लिहिलं तर नियमभंग, आणि वेबसाइटवर ‘कामाची क्षेत्रं : फौजदारी’ लिहिलं तर चालतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वेबसाइट शोधत येणारा माणूस स्वतःच्या पायाने येतो, हे या सवलतीमागचं गृहीतक. म्हणूनच आजही अनेक लॉ फर्मच्या साइटवर शिरताना एक चौकट आडवी येते : मी स्वेच्छेने माहिती घेत आहे, मला कोणी गळ घातलेली नाही, ‘मान्य’. ही चौकट न वाचता दाबणाऱ्यांनीच तिला जिवंत ठेवलं आहे. सोशल मीडियाच्या फीडमध्ये मात्र गृहीतकच उलटतं. रील कोणी शोधत नाही, ती समोर येते. घटस्फोटाबद्दल एकदा काही पाहिलं की पोटगीवर बोलणारे काळे कोट रांगेने हजर. कोर्टाच्या दारातली झुंबड अल्गोरिदमने घरात आणली, असं एखादा जुना वकील म्हणाला तर त्याला खोडून काढणं अवघड आहे. लिंक्डइनचं प्रोफाइल वेबसाइट मानायचं का, प्रत्येक पोस्ट मंजुरीला पाठवायची का, याबद्दल २००८ ची दुरुस्ती काहीच सांगत नाही. लिंक्डइन तेव्हा पाच वर्षांचं होतं, इन्स्टाग्राम निघायला दोन वर्षं होती.

पुढचा वेग सर्वांना माहीत आहे. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. कोर्टं ऑनलाइन आणि वकील घरी, असा तो काळ. ‘भाडेकरू घर सोडत नसेल तर’ छापाचे मराठी व्हिडिओ लोकांना उपयोगीही पडले. माहिती कुठे संपते आणि ‘अधिक माहितीसाठी संपर्क’ कुठे सुरू होतो, ही सीमा मात्र पुसट राहिली.

जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची यादी, रेटिंग आणि दर दाखवणाऱ्या पोर्टलांवर बोट ठेवलं. अशा पोर्टलांमधून काम मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई करा, असं सांगितलं. आपण फक्त मध्यस्थ आहोत हा पोर्टलांचा बचाव टिकला नाही. त्याआधी दोनच महिने सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवलं होतं, वकिली हा वेगळ्या जातीचा पेशा आहे असं म्हणून. डॉक्टर १९९५ पासून त्या कायद्यात आहेत. त्यांच्या ऑगस्ट २०२३ च्या नियमावलीत लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका असं कलम होतं, पण ती नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली.

बंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे मात्र निकालांत फारसं येत नाही. मोठ्या फर्मकडे रँकिंग असतं, चर्चासत्रांची व्यासपीठं असतात, आर्थिक दैनिकांत सौद्याच्या बातमीखाली नाव असतं. यातलं काहीच जाहिरात ठरत नाही. तालुक्याच्या गावी नोटरी म्हणून नेमणूक झाल्यावर चौकात फ्लेक्स लागतो, पण खाली ‘शुभेच्छुक : मित्रपरिवार’ असतं, म्हणजे तीही स्वतःची जाहिरात नव्हे. अडचण होते ती पहिल्या पिढीच्या वकिलाची. वडिलांचं ऑफिस नाही, मित्रपरिवार मोठा नाही, आणि हातात आहे फक्त फोन. मार्च २०२५ च्या पत्रकात त्याच्यासाठी वेगळं काही नाही. २००८ ची माहितीची यादी अजूनही तीच आहे.