परतफेड झाली, धंद्याचे काय? महिलांच्या लघुउद्योगांना मिळालेल्या सूक्ष्मकर्जाची पार्श्वभूमी

महिलांच्या छोट्या व्यवसायांना दिल्या जाणाऱ्या सूक्ष्मकर्जाची, म्हणजे तारणाशिवायच्या छोट्या कर्जाची, चर्चा बहुधा परतफेडीच्या टक्केवारीपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. कर्ज वेळेवर फिटले म्हणजे धंदा वाढला असणार, असे त्यात धरून चालले जाते. ही समजूत कशी रुजली आणि पुढे ती का टिकली नाही, याचे उत्तर या कर्जाच्या घडणीत सापडते.

तारण देऊ न शकणाऱ्याला एकमेकांच्या जामिनावर कर्ज देण्याची रीत जुनी आहे. जर्मनीत राइफायझन यांनी 1860 च्या दशकात उभ्या केलेल्या ग्रामीण पतसंस्था याच तत्त्वावर चालत. मात्र त्या मुख्यतः शेतकऱ्यांसाठी होत्या. स्वतःचा व्यवसाय करणारी गरीब स्त्री कर्जदार म्हणून ठळकपणे पुढे आली ती 1970 च्या दशकात. अहमदाबादेत ‘सेवा’ या संघटनेच्या सुमारे 4,000 महिलांनी प्रत्येकी 10 रुपयांचा भाग घेऊन 1974 मध्ये स्वतःची सहकारी बँक काढली. भाजी विकणाऱ्या, फेरीवाल्या, घरी बसून माल तयार करणाऱ्या या स्त्रियांपैकी अनेकींना सही करता येत नव्हती, म्हणून खातेदार ओळखण्यासाठी पासबुकावर तिचे छायाचित्र लावण्यात आले. येथे बचत आधी आणि कर्ज नंतर असा क्रम होता, आणि तो विसरता कामा नये.

याच सुमारास, 1976 मध्ये, बांगलादेशातील जोबरा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी 42 जणांना मिळून 856 टका उसने दिले. त्या गावातील बांबूची स्टुले विणणाऱ्या स्त्रीची अडचण अशी, की बांबूसाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि तयार माल तो ठरवील त्या भावाने त्यालाच घालायचा. तिला हवे होते ते थोडे फिरते भांडवल. ते हाती आले की माल कोणाला विकायचा हे ठरवणे तिला शक्य होणार होते. याच प्रयोगातून युनूस यांची ‘ग्रामीण बँक’ 1983 मध्ये रीतसर स्थापन झाली. आरंभी तिच्या कर्जदारांत पुरुषही मोठ्या संख्येने होते, पण 1990 च्या दशकात महिलांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. स्त्रिया पैसे घरासाठी वापरतात हे त्याचे एक कारण सांगितले जाई. त्या बैठकीला येतात आणि हप्ता चुकवत नाहीत, हे कारणही तितकेच वजनदार होते.

या कर्जाचा साचा ठरून गेला: पाच जणींचा गट, वर्षभराची मुदत, दर आठवड्याला हप्ता, आणि कर्ज हाती पडल्यावर काही दिवसांतच पहिली परतफेड. रोज माल आणून रोज विकणाऱ्या बाईला हा साचा जमतो. शिलाईयंत्र घेणारीचे मात्र तसे नसते. यंत्र येऊन, गिऱ्हाईक जोडले जाऊन कमाई सुरू होण्याआधीच हप्ते सुरू होतात, आणि ते ती दुसऱ्या कुठल्या तरी पैशातून भरते. कोलकात्यातील एका प्रयोगात काही महिलांचा पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी घेण्यात आला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांनी धंद्यात अधिक गुंतवणूक केली आणि त्यांचा नफाही वाढला. मात्र थकबाकीही वाढली. संस्थेला सोयीचा असलेला हप्ता धंद्याला गैरसोयीचा ठरतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

भारतात 1992 पासून नाबार्ड या शेती व ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने बचत गटांना बँकांशी जोडण्यास सुरुवात केली. गटाने आपसांत ठरवलेल्या व्याजाने आणि मुदतीने कर्ज देण्याची मोकळीक त्यात अधिक होती.

कर्ज कोणाच्या नावावर आणि पैसा कोणाच्या हाती, हा प्रश्न 1990 च्या दशकातच विचारला गेला होता. गोएट्झ आणि सेनगुप्ता या अभ्यासकांनी 1996 मध्ये बांगलादेशातील कर्जदार महिलांविषयी दाखवून दिले, की कर्जाच्या वापरावर बहुसंख्य महिलांचे पूर्ण नियंत्रण नव्हते. त्यानंतर श्रीलंकेत छोट्या व्यावसायिकांना 10,000 किंवा 20,000 रुपयांचे अनुदान देऊन पाहण्यात आले. परतफेडीचा प्रश्नच नसताना पुरुषांच्या धंद्यांचा नफा वाढला, महिलांच्या धंद्यांचा सरासरीने जवळजवळ वाढलाच नाही. यावरून स्त्रियांना धंदा वाढवता येत नाही, असा घाईचा अर्थ काढणारेही निघाले. पुढे 2019 मध्ये भारत, श्रीलंका व घाना येथील माहिती पुन्हा तपासली गेली, तेव्हा उलगडा झाला: घरात पतीचाही धंदा असेल तर स्त्रीच्या नावाने आलेले भांडवल बहुधा तिकडे वळते; घरातील एकमेव धंदा तिचा असेल तेथे तिचा परतावा पुरुषांपेक्षा कमी नसतो.

दरम्यान कर्जाचा व्याप फुगत गेला होता. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचावरून वाद पेटला, राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि रिझर्व्ह बँकेला सूक्ष्मकर्ज देणाऱ्या संस्थांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. 2015 मध्ये सहा देशांतील प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा सूक्ष्मकर्जाचा परिणाम माफक असल्याचे दिसले: काही चालू धंदे वाढले, पण घराच्या उत्पन्नात मोठी वाढ आढळली नाही.

युगांडातील सुमारे 3,000 कर्जदार महिलांवरचा प्रयोग, पैसा कोणाच्या हाती राहतो या दृष्टीने, महत्त्वाचा आहे. कर्ज, व्याज, हप्ते सर्व तेच ठेवून काही जणींना रक्कम रोख न देता त्यांच्या स्वतःच्या मोबाईल खात्यात देण्यात आली. आठ महिन्यांनी रोख रक्कम घेतलेल्या महिलांच्या तुलनेत त्यांचा नफा सुमारे 15 टक्के आणि धंद्यातील भांडवल सुमारे 11 टक्के अधिक आढळले. आणि घरच्यांना पैसे देण्याचा दबाव ज्यांच्यावर आधीपासून होता, त्यांच्यात हा फरक सर्वांत मोठा होता.