साखर तोडली म्हणून गाठ उपाशी मरत नाही

घरात कुणाला कॅन्सर झाला की लगेच व्हॉट्सॲपवर येतं : कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात, साखर तोडा, गाठ उपाशी मरेल. यातलं पहिलं अर्धं खरं आहे, हीच पंचाईत. बऱ्याच गाठी ग्लुकोजचा फडशा पाडतात हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं. शरीरातल्या गाठी शोधणारा पेट स्कॅन याच खादाडपणावर चालतो.

पण रक्तातली साखर नुसती ताटातून येत नाही. खाणं थांबलं की यकृत आपला साठा मोडतं. तो जेमतेम दिवसभर पुरतो. मग ते नवं ग्लुकोज बनवायला घेतं आणि कच्चा माल उचलतं स्नायूंतून. तिथली प्रथिनं तुटतात, ॲलानिनसारखी ॲमिनो आम्लं यकृतात पोचतात, त्यांचं ग्लुकोज होतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच, झिजतो तो रुग्ण.

निरोगी माणसाचा उपास लांबला तर शरीर चरबीपासून बनलेल्या कीटोनवर येतं आणि स्नायू वाचवतं. कॅन्सरमध्ये ही काटकसर अनेकदा साधत नाही. दाहामुळे वाढलेले इंटरल्युकिन-६ सारखे रेणू स्नायूंतली विशिष्ट विकरं वाढवतात, ती प्रथिनांवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण चढवतात आणि खूण लागलेलं प्रथिन प्रोटिआसोम या पेशीतल्या तोडणाऱ्या यंत्रात तुकडे होऊन संपतं. शिवाय गाठ ग्लुकोजचं लॅक्टेट करते तेव्हा तिला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, २ रेणू मिळतात. त्याच लॅक्टेटचं पुन्हा ग्लुकोज करायला यकृताला ६ मोजावे लागतात. असा हा आतबट्ट्याचा व्यवहार.

या झिजेला कॅकेक्सिया म्हणतात. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन घटणं ही तिची खूण. नुसतं खाऊ घालून ती पूर्ण परतत नाही, पण उपाशी ठेवून नक्की वाढते. वजनकाट्यावरही फार विसंबू नये : अंगाने भरलेल्या रुग्णाचेही स्नायू आटलेले असू शकतात. म्हणून संशोधक सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायूंचं क्षेत्रफळ मोजतात. केमोचे अनेक डोस उंची-वजनावरून ठरतात, आणि स्नायू कमी असलेल्याला तोच डोस जास्त बाधतो असं अभ्यासांत दिसलं आहे.

युरोपातली मार्गदर्शक सूत्रं किलोमागे रोज १ ग्रॅमहून जास्त, जमल्यास १.५ ग्रॅम प्रथिनं सांगतात. ५० किलोच्या माणसाला ७५ ग्रॅमपर्यंत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. ते ‘उष्ण पडतं’ म्हणून बंद, आणि गव्हांकुराचा रस मात्र दोन वेळा! त्यात प्रथिनं नावापुरतीच. मधुमेह असेल तर साखर सांभाळावीच लागते, आणि मूत्रपिंडं अधू असतील तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा.