पारदर्शक अलाइनर उपचारातील संभाव्य अडचणी

वाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात सरळ करण्यासाठी तारेऐवजी वापरल्या जाणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या साच्यांना पारदर्शक अलाइनर म्हणतात. दातांच्या त्रिमितीय नोंदीवरून संगणकावर हालचालीचा आराखडा आखला जातो आणि त्याबरहुकूम साच्यांची मालिका बनते. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याची जागा पुढचा साचा घेतो. लवचीक साच्याने दात किंचित हलवण्याची कल्पना अमेरिकी दंतवैद्य केस्लिंग यांनी १९४५ मध्ये मांडली होती, मात्र १९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी कंपनीच्या इन्व्हिजलाइन नावाच्या अलाइनरमुळे ती जगभर पोहोचली. बेळगाव शहरात दंत महाविद्यालये आणि खाजगी दवाखाने असल्याने सीमाभागातील मराठी कुटुंबांना हा उपचार आता परका राहिलेला नाही. त्यातील अडचणी मात्र जाहिरातींत क्वचितच दिसतात.

साचा काढता येतो हीच या पद्धतीची सोय आणि तीच तिची मुख्य दुर्बलता आहे. तो दिवसाचे २० ते २२ तास तोंडात राहणे अपेक्षित असते, म्हणजे खाणेपिणे आणि दात घासणे एवढ्यासाठी जेमतेम दोन ते चार तास उरतात. दिवसातून चार-पाच वेळा चहा घेणाऱ्याला हा हिशेब जुळवणे अवघड जाते. साचा न काढता गरम चहा प्यायल्यास प्लास्टिक वाकते, आणि चहातील साखर साच्याखाली अडकून राहिल्याने लाळेचे दात धुण्याचे काम थांबून एनॅमलवर, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणावर, पांढरे डाग व पुढे कीड दिसू लागते. बेळगावचा कुंदा किंवा गोकाकचा चिकट करदंट खाऊन चूळ न भरता साचा चढवणे हेही तितकेच घातक आहे. लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळून ठेवलेला साचा पत्रावळीबरोबर उचलला जाणे, हाही या उपचारातला एक खराखुरा धोकाच म्हटला पाहिजे. साचा हरवल्यास आधीचा साचा घालून ठेवावा आणि डॉक्टरांना लगेच कळवावे. मनानेच पुढचा चढवू नये.

तास कमी भरले की दात आराखड्याच्या मागे राहतात, साचा दाताच्या कडेपासून अधांतरी दिसू लागतो आणि पुढचे साचे बसेनासे होतात. तास पुरे भरूनही काही हालचाली प्लास्टिकला जड जातात. सुळे आणि उपदाढा गोलसर असल्याने त्यांना फिरवताना साचा निसटतो. दात खाली ओढून घेणेही कठीण असते. यासाठी दातांवर मिश्रद्रव्याचे लहान उंचवटे चिकटवतात, पण ते गळून पडतात आणि हळदीच्या रोजच्या जेवणाने पिवळे पडतात. दात काढून रिकामी केलेली जागा भरताना शेजारचे दात सरळ सरकण्याऐवजी त्या जागेत कलतात. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावरचे अंतिम चित्र हे उद्दिष्ट मानावे, हमी मानू नये. बऱ्याच रुग्णांना पुन्हा नोंद घेऊन साच्यांची दुसरी मालिका करावी लागते आणि काहींना शेवटी तार बसवावी लागते.

दाढांची चावण्याची तक्रार विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वरच्या व खालच्या साच्यांची जाडी सतत मध्ये राहिल्याने दाढा किंचित आत दाबल्या जातात. साचा काढल्यावर पुढचे दात टेकतात, पण दाढांमध्ये फट राहते आणि भाकरी नीट चावता येत नाही. ही फट अनेकदा उपचारानंतर काही महिन्यांत आपोआप भरते, तर कधी साच्याचा मागचा भाग कापून दाढांना मोकळीक द्यावी लागते.

मुळांची टोके थोडी झिजणे हे दात हलवण्याच्या सर्वच पद्धतींत घडते. हाड पातळ असताना दात बाहेरच्या बाजूला ढकलल्यास हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडते. प्रौढांत दाटीवाटीचे दात सरळ झाल्यावर हिरडीजवळ दातांमधल्या फटींचे काळे त्रिकोण दिसू शकतात. हिरड्यांचा आजार आधी आटोक्यात आणल्याशिवाय हा उपचार सुरू करू नये, आणि तंबाखूच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या निपाणीच्या पट्ट्यात ही अट अधिकच महत्त्वाची ठरते, कारण तंबाखू आणि मिश्री यांनी हिरड्यांचे नुकसान होते, शिवाय साचेही काळवंडतात.

उच्चारांचा त्रास बहुधा काही दिवसांत ओसरतो. स आणि श यांच्यासह ‘चमचा’ किंवा ‘जावई’ यांतील दंततालव्य च-ज सुरुवातीला बोबडे येतात. कडांनी गाल-जीभ सोलणे आणि नवा साचा चढवल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकणे हेही सामान्य आहे. प्लास्टिकची ॲलर्जी मात्र दुर्मीळ आहे.

तपासणीचा प्रश्न याहून गंभीर आहे. क्ष-किरण चित्र न काढता केवळ घरी घेतलेल्या ठशांवरून साचे पाठवणाऱ्या सेवांमध्ये हाडाची स्थिती आणि लपलेली कीड कळत नाही. या पद्धतीने काम करणारी अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा कित्येक रुग्णांचे उपचार अर्धवट राहिले. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी भागातील रुग्णाला मुसळधार पावसात बेळगाव गाठणे सोपे नसल्याने भेटी टाळण्याचा मोह होतो, तथापि साचा बसत नसल्याचे महिन्याभराने कळण्यापेक्षा मधल्या काळात छायाचित्रे पाठवून विचारणे बरे. तेवढ्याने प्रत्यक्ष तपासणी मात्र टळत नाही. नोकरीसाठी पुणे किंवा बंगळूरला जाणाऱ्या तरुणांनी आराखडा, क्ष-किरण चित्रे आणि उरलेले साचे सोबत न्यावेत, कारण नवा डॉक्टर दुसऱ्याचा आराखडा पुढे चालवेलच असे नाही आणि खर्चाची फेरआखणी होऊ शकते.

उपचार संपल्यावर दात मूळ जागेकडे परतू पाहतात, विशेषतः खालचे पटाशीचे दात. ते रोखण्यासाठी दातांच्या आतून बारीक तार चिकटवतात किंवा रात्री घालायचा रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, देतात, आणि तो काही महिने नव्हे, तर वर्षानुवर्षे वापरावा लागतो.